किंचित वरचा सूर

करंगळी कानात घालायची, दोनदा जोरात हलवायची, बाहेर काढून तिच्या टोकाकडे डोळे बारीक करून बघायचं आणि शेजारी जो कोणी असेल त्याला सांगायचं, "छ्या! किडं पडली कानात."

सिटी बसचा हॉर्न वाजला की किडे. समोरच्या क्लासची घंटा झाली की किडे. माझ्या दुकानात कोणी नवी कॅसेट लावून बघितली, तर विचारूच नका. गिऱ्हाईक बिचारं हळदीसाठी गाणी भरून घ्यायला आलेलं असायचं आणि कोपऱ्यातल्या स्टुलावरून हे ऐकू यायचं. निम्मी गिऱ्हाइकं मामांना घाबरायची. उरलेली त्यांच्या करंगळीचा कौल घ्यायची. मामा 'छ्या' म्हणाले की ते गाणं चालणार, अशी त्यांची खात्री होती, आणि ती सहसा खरी ठरायची.

ते कोणाचेच सख्खे मामा नव्हते. बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. तुमच्याही लग्नात असा एखादा माणूस असेल. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि पायात साध्या चपला. आपण त्याच्याकडे कधी बघत नाही. आपण घोड्याकडे बघतो.

माझं दुकान राजारामपुरीत. नव्वदच्या सुमाराला तिथं कॅसेटी भरून देणं आणि टेप, रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करणं एवढाच उद्योग होता. मामा रोज यायचे. सॅक्सोफोनच्या तोंडाशी वेताची एक पातळ पत्ती असते. ती ओली असल्याशिवाय बोलत नाही. म्हणून वाजवायला जायच्या आधी मामा ती तासभर गालात धरून हिंडायचे. बोलायचं झालं की ती तोंडातून काढायची आणि ठेवायची कुठं, तर माझ्या काचेच्या काउंटरवर. लाळेनं चिंब, कोमट, एक बारीक तार मागं सोडत आलेली.

मला किळस फार. बायकोनं चाखून बघितलेला चमचासुद्धा मला चालत नाही.

"मामा, कागद देतो, त्यावर ठेवा की."

"कागुद पानी पितो. काच पीत न्हाय. पत्ती वाळली तर मग काय, तुझं डोस्कं वाजवू?"

ते गेले की मी ओल्या फडक्यानं काच पुसायचो, मग कोरड्यानं, मग हात धुवायचो. रोज. त्या काळात मला कोणी विचारलं असतं, की तुझ्या आयुष्यातलं सगळ्यात घाण काय, तर मी पत्तीकडे बोट दाखवलं असतं.

मामांचा गुरू म्हणजे एक रेकॉर्ड. ते पंचविशीत असताना जवळच्या एका साखर कारखान्याच्या उभारणीला कोणी परदेशी इंजिनिअर आला होता. जाताना त्यानं घरातलं सामान विकलं. टेबल-खुर्च्या लोकांनी नेल्या. मामांनी रेकॉर्ड प्लेअर आणि जाझची एक रेकॉर्ड घेतली, कारण तिच्या कव्हरवर त्यांच्याच हातातलं वाद्य होतं. डोळे मिटून सॅक्सोफोन वाजवणारा एक माणूस. नाव इंग्रजीत होतं. मी एकदा ते वाचून दाखवायला लागलो तर मामांनी हात आडवा केला.

"नाव घ्याचं नसतंय. गुरुजी म्हन."

गुरुपौर्णिमेला त्या कव्हराला झेंडूचा हार असायचा आणि पुढ्यात पेढा. रोज सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी, मामा रेकॉर्ड लावून समोर बसायचे आणि गुरुजींच्या सुराला सूर लावायचे. जाझ म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं. वरातीत गाण्याच्या दोन कडव्यांमध्ये जरा मोकळी जागा मिळाली की ते गुरुजींची एखादी तान तिथं घुसवायचे आणि नवरदेवाचे मित्र नाचता नाचता थबकायचे.

अडचण एकच होती. सॅक्सोफोनचं माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा काळा तुकडा, वाद्याच्या मानेवर बसवलेला असतो. तो आत दाबला की सूर चढतो, बाहेर ओढला की उतरतो. मामा तो शेवटपर्यंत दाबायचे, तरी त्यांचा सूर गुरुजींच्या सुराला भिडायचा नाही. केसभर खालीच राहायचा. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं, की आपलं मशीन जास्त वेगानं फिरतंय. एक दिवस ते त्यांनी बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून माझ्याकडे आणलं.

"तपास."

याची तपासणी सोपी असते. फिरत्या चाकावर रेघारेघांची एक चकती ठेवायची आणि ट्यूबलाइटखाली बघायचं. वेग बरोबर असेल तर फिरणाऱ्या रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. उभ्या दिसल्या.

"बरोबर आहे मामा. केसाचासुद्धा फरक नाही."

"लिवून दे."

मी हसलो. पण मामा हसले नाहीत. शेवटी दुकानाच्या पावतीवर 'यंत्राचा वेग अचूक आहे' असं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्यांनी तो कागद चार वेळा बघितला.

"म्हंजे चूक माझ्यात हाय," ते म्हणाले. "गुरू काय चुकतोय व्हय?"

दुसऱ्या दिवशी ते एका पितळकाम करणाऱ्याकडे गेले आणि सॅक्सोफोनच्या मानेचं टोक कापून आले. करंगळीच्या नखाएवढं. मला दाखवायला आणलं तेव्हा कापलेली कड अजून चकचकत होती. मी म्हटलं, "मामा, हे काय केलंत? पितळ कापलं की वाढत नाही." तर म्हणाले, "वाडवायचंय कुनाला?"

त्या दिवसापासून मामा गुरुजींच्या सुरात आले आणि उरलेल्या कोल्हापूरच्या सुरातून गेले.

बँडमास्तर म्हणायचे, मामा, तुम्ही वर जाताय, माउथपीस जरा बाहेर ओढा. मामा सॅक्सोफोनची पेटी उघडायचे. आत माझ्या सहीचा कागद, आता प्लास्टिकमध्ये बसवून घेतलेला. "ह्ये बघ. तपासलेलं हाय. तुमीच समदी खाली हायसा." आणि करंगळी कानात. तीन बँडांनी त्यांना काढलं. चौथ्यानं ठेवलं, कारण त्याच्याकडे दुसरा सॅक्सोफोनवाला नव्हता. माझी सही कोल्हापुरातल्या निम्म्या बँडवाल्यांनी पाहिलेली होती. रस्त्यात भेटले की ते माझ्याकडे बघून थुंकत नव्हते एवढंच.

पण लोकांचं काही सांगता येत नाही. नेसरीच्या एका बाईंनी थोरल्याच्या लग्नात मामांना ऐकलं होतं. धाकट्याच्या लग्नाचं ठरवताना त्यांनी बँडवाल्याला बजावलं, "ते आंबट वाजवनारं मामा असतील तर या. न्हायतर ऱ्हाऊ द्या." पुढं अनेकजण तसंच म्हणायला लागले. बँडवाले चरफडायचे आणि मामांना सगळ्यांच्या पुढं उभं करायचे.

मलाही ते दोन गल्ल्यांवरून ओळखू यायचे. पाच क्लॅरिनेटं, दोन ट्रम्पेटं, ढोल, ताशा, आणि त्या सगळ्या गदारोळाच्या केसभर वर एक सूर, कैरीला मीठ लावून खाल्ल्यावर जिभेच्या कडेला होतं तसा. हातातला सोल्डर खाली ठेवून मी दारात यायचो. मामा आले. पण हे मी त्यांना कधी बोललो नाही. समोर आले की मला त्यांची पत्तीच दिसायची.

दोन हजार साल उलटलं आणि कॅसेटी मेल्या. मी सीडी ठेवल्या, मग मोबाइलचं रिचार्ज. मामांची रेकॉर्ड झिजून इतकी करकरायला लागली, की गुरुजी पत्र्यावर पडणाऱ्या गारांत बसून वाजवताहेत असं वाटायचं. अशात माझा अमेरिकेतला मेव्हणा फोनवर म्हणाला, की तिकडे जुन्या रेकॉर्डी पुन्हा नव्यानं काढताहेत. मी त्याला मामांच्या रेकॉर्डचं नाव कळवलं. पुढच्या खेपेला तो ती घेऊन आला.

"दाजी, रेकॉर्ड नका म्हणू. व्हाइनल म्हणायचं."

तिथंच माझं डोकं फिरलं. तेच डोळे मिटलेले गुरुजी, पण कव्हर लग्नपत्रिकेसारखं जाड आणि गुळगुळीत. रेकॉर्ड स्टीलच्या ताटाएवढी जड. उघडल्यावर नव्या चपलांचा वास आला. आत इंग्रजीत छापलेलं लांबलचक पत्रक होतं, आम्ही किती काळजी घेतली, किती कष्ट उपसले, याच्या बढाया मारणारं. मेव्हण्याला ती त्याच्या दिवाणखान्यात मांडायची होती. परत जाईपर्यंत दोन दिवस त्यानं माझ्याकडे दिली आणि वर म्हणाला, "हात धुऊन धरा हं." मी जन्म रेकॉर्डी हाताळण्यात घालवला आणि हा मला हात धुवायला सांगतो! जी वस्तू ऐकायची ती भिंतीला लावायची आणि वर तिचा एवढा तोरा. मला शिसारी आली.

पत्रक मी सकाळीच वाचून काढलं. त्यात एक परिच्छेद असा होता, की तो पुन्हा वाचल्यावर मी ते घडी करून कव्हरात घातलं आणि मामांना यातलं काही सांगायचं नाही, असं ठरवलं.

माझा निरोप मिळताच मामा अंघोळ करून, उपाशीपोटी आले. एका हातात सॅक्सोफोनची पेटी, दुसऱ्यात पेढ्याची पुडी. पुडी काउंटरवर ठेवली, स्टुलावर बसले, डोळे मिटले. माझ्या मशीनला वेग कमी-जास्त करायला पुढं-मागं सरकवायची एक बारकी गोटी आहे. ती मी शून्यावर आणली आणि सुई टेकवली.

पहिला सूर निघाला. मामांचे डोळे उघडले. करंगळी कानात गेली.

"छ्या."

मी सुई नीट टेकली आहे का ते बघितलं.

"छ्या! ह्ये कोन वाजवतंय?"

"गुरुजीच आहेत मामा."

"गुरुजी? ह्ये मेल्यालं मानूस वाजवतंय. मशीन तपास तुझं."

मी चकती ठेवली. रेघा उभ्या होत्या. गोटी शून्यावर होती. बोट तिच्यावर ठेवूनच मी म्हटलं, "बरोबर आहे."

"मग त्येंनी बिघडवलंय. नवं करतो म्हनून गुरुजींचं नरडं दाबलंय. अमेरिकेत लोकास्नी कान हाईत का न्हाईत रं? समदं खाली. समदी दुनिया खाली जायाला लागलीया." बोलता बोलता त्यांनी गालातली पत्ती काढली आणि न बघता ठेवून दिली, थेट त्या नव्या कव्हरवर.

जाड कागद लाळ प्यायला लागला. गुळगुळीत कव्हरवर एक ओला डाग बोटभर पसरला आणि माझ्या आत बारा वर्षं साचलेली किळस एकदम वर आली. मेव्हण्याचा राग होता, त्या तोऱ्याचा होता, मामांच्या 'छ्या'चा होता. सगळा मामांवर निघाला.

"ऐका," मी म्हटलं. "यात काय लिहिलंय ते ऐका." पत्रक काढून मी एकेका वाक्याचं मराठी करून सांगितलं. ज्या दिवशी हे वाजवलं त्या दिवशी टेप भरणारं यंत्र मंद चाललं होतं, आणि मंद भरलेलं नेहमीच्या वेगानं वाजवलं की सूर चढतो. त्यामुळे आजवर निघालेल्या सगळ्या रेकॉर्डींवर सूर किंचित वर चढलेला आहे. आता पहिल्यांदाच तो मूळ जागी आणला आहे.

मामा ऐकत राहिले. रेकॉर्ड फिरतच होती.

"म्हंजे गुरुजी...?"

"गुरुजी बरोबरच होते. यंत्र चुकलं."

"आन मी?"

इथं मला थांबता आलं असतं. मी म्हटलं, "तुम्ही गुरुजींच्या मागं नव्हता मामा. इतकी वर्षं यंत्राच्या मागं होता. बँडवाले बरोबर होते."

त्यांनी पेटी उघडली आणि प्लास्टिकमधला तो कागद काढला. "ह्ये तुझंच हाय न्हवं?"

"मी तुमचं मशीन तपासलं होतं. त्यांचं मी कुठनं तपासणार?"

यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरी ते आठवलं की आजही मला स्वतःची घाण वाटते.

मामांनी पत्ती उचलली. शर्टाच्या बाहीनं कव्हर पुसायला लागले, तसा डाग आणखी पसरला. "डाग पडला की रं," ते म्हणाले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, पत्ती त्यात गुंडाळली आणि निघून गेले. पेढ्याची पुडी काउंटरवरच राहिली.

पुढचं मला त्यांच्या बँडमास्तरानं सांगितलं. मामा त्याच्याकडे गेले, म्हणाले, तुझ्या क्लॅरिनेटचा सूर दे. त्यानं दिला. मामांनी माउथपीस बाहेर ओढत ओढत सूर खाली आणला, पण मान कापलेली, तिच्यावरच्या बुचाच्या अगदी टोकावर येऊन माउथपीस लटलटायला लागलं. आठ दिवसांनी मामा पुन्हा आले. मानेच्या टोकाला त्यांनी हुपरीच्या एका कारागिराकडून चांदीची कडी जोडून आणली होती.

"मी म्हटलं, मामा, दोरा गुंडाळला असता तरी भागलं असतं की," बँडमास्तर म्हणाला. "तर म्हनले, 'कापलं तेवढंच जोडायचं. कमी न्हाय, जास्त न्हाय.' आन म्हनले, मला मागच्या रांगंत घे."

नंतरही मामा दुकानात आले, पण चार-पाच वेळाच. पत्ती रुमालात. काउंटरला हातसुद्धा लावायचे नाहीत. एकदा एका गिऱ्हाइकानं कुठलीशी सीडी लावून बघायला घेतली, आवाज असा की काचा थरथरल्या. मी चटकन मामांकडे बघितलं. करंगळी मांडीवर होती.

"काय मामा, किडे?"

"न्हाय. बरं हाय की."

"बरं? हे?"

"आमच्या कानाचं काय खरं हाय, बाबा?"

मी रिचार्जची वही उघडून बसलो. त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

त्याच वर्षी आमच्या गल्लीतून एक वरात गेली. ताशा ऐकून मी दारात आलो. बँड मामांचाच होता, पण वरचा तो सूर काही येईना. वाटलं, मामा आज आलेले नाहीत. मग शेवटच्या रांगेत ते दिसले. लाल कोट, फुगलेले गाल, बोटं चाललेली. मी उतरून त्यांच्याशेजारून चालायला लागलो. हातभर अंतरावर होतो मी. कान देऊन ऐकलं. क्लॅरिनेट ऐकू आलं, ट्रम्पेट ऐकू आलं. मामा ऐकू आले नाहीत. त्यांचा सूर बाकीच्यांत इतका नीट बसला होता, की कुठं संपतो आणि दुसऱ्याचा कुठं सुरू होतो, ते कळत नव्हतं.

मामांनी मला बघितलं. वाजवणं न थांबवता भुवया उंचावल्या. बरोबर हाय?

मी पुन्हा एकदा सही केली. मान हलवून म्हटलं, बरोबर आहे. ते डोळे मिटून वाजवत पुढं गेले.

आंबट वाजवणारे मामा पाठवा, असं मग कोणी म्हणेनासं झालं. थोड्याच दिवसांत लग्नात बँडच्या जागी स्पीकरच्या भिंती आल्या. त्या भिंती बघून तर मला ओकारी येते. पण मामांचं जे झालं त्याचं खापर मी त्या भिंतींवर फोडणार नाही. त्या यायच्या आधीच मामा ऐकू यायचे बंद झाले होते. ते गेल्याचं मला तीन आठवड्यांनी कळलं. घरी गेलो तर मामी म्हणाल्या, गुरुजींचं मशीन त्यांनी पुन्हा लावलंच नाही. हार मात्र शेवटच्या गुरुपौर्णिमेलाही घातला.

नवी रेकॉर्ड माझ्याकडेच आहे. डाग पडलेली वस्तू मेव्हण्याला नको होती.

मशीनला ती गोटी आहे, हे मी मघाशी सांगितलं. त्या सकाळी ती माझ्या बोटाखाली होती. केसभर पुढं सरकवली असती, तर मामांना त्यांचे गुरुजी होते तसेच भेटले असते, गारांशिवाय, पहिल्यापेक्षा स्वच्छ. मी ती शून्यावर धरून बसलो होतो.

आता सकाळी दुकान उघडल्यावर कधीमधी मी रेकॉर्ड लावतो आणि गोटी केसभर पुढं सारतो. सूर चढतो, जिभेच्या कडेला आंबट येतं. मामा आले, असं वाटून मी वर बघतो. समोर काउंटरची काच असते, लख्ख, कोरडी. आता मला तिचीच किळस येते.